कर्क्युमिनसाठी लिपिड नॅनोवाहक: बीकरपासून रक्ताच्या नमुन्यापर्यंत

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी स्वयंसेवकांना कर्क्युमिनचा, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकाचा, अर्ध्या ग्रॅमपासून १२ ग्रॅमपर्यंत एकेक डोस दिला होता. ८ ग्रॅमपर्यंतच्या कुणाच्याही रक्तात ते सापडलं नाही. त्याहून मोठा डोस घेतलेल्यांपैकी दोघांच्या रक्तात सापडलं, तेही जेमतेम. घरच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के धरलं, तर ८ ग्रॅम म्हणजे पाव किलोहून जास्त हळद एका दमात पोटात गेली आणि रक्ताला पत्ताही लागला नाही.

एम. फार्म. किंवा फूड टेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला 'नॅनो' विषय घेणारे बरेच जण इथूनच सुरुवात करतात. कर्क्युमिन स्वस्त, रंगीत, मोजायला सोपं आणि आपल्याकडे मुबलक. ते मेदाच्या बारीक थेंबांत, म्हणजे लिपिड नॅनोवाहकात, भरून रक्तापर्यंत न्यायचं असतं. पण बहुतेकांचा सगळा वेळ या थेंबांचा आकार १०० नॅनोमीटरच्या खाली आणण्यात जातो आणि ते थेंब आतड्यात गेल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणावर ढकलला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. खालच्या पायऱ्या त्याच हिशेबाने लावल्या आहेत. कर्क्युमिनच्या जागी क्वेर्सेटिन, रेझवेराट्रॉल किंवा बीटा-कॅरोटीन असलं तरी वाट साधारण हीच, मुक्काम थोडे बदलतील.

१. अडचण नेमकी कुठे आहे ते आधी लिहून काढा

कर्क्युमिनच्या वाटेत चार अडथळे आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

पहिला, पाण्यात ते जवळजवळ विरघळतच नाही. आम्लधर्मी पाण्यात त्याची विद्राव्यता मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम इतकी कमी आहे. दुसरा, विरघळलं तरी टिकत नाही. ३७ अंश सेल्सिअसला, पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के कर्क्युमिन तुटून जातं, हे १९९७ पासून माहीत आहे. तिसरा, आतड्याच्या अस्तरावर श्लेष्माचा थर आणि न हलणाऱ्या पाण्याचा पापुद्रा असतो. तो पार करावा लागतो. चौथा सगळ्यात चिवट: अस्तराच्या पेशींत आणि पुढे यकृतात कर्क्युमिनला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडलं जातं आणि ते बाहेर टाकण्याच्या रांगेत लागतं.

लिपिड वाहक पहिल्या दोन अडथळ्यांवर चांगलं काम करतो, तिसऱ्यावर थोडं, चौथ्यावर फारसं नाही. हे मान्य करून सुरुवात केली की पुढचे निकाल वाचताना गोंधळ होत नाही. मिरीतल्या पिपेरिनचा मार्ग वेगळा. ते प्रामुख्याने चौथ्या अडथळ्याला हात घालतं. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं आणि माणसांत जैवउपलब्धता (रक्तापर्यंत पोचणारा वाटा) २००० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. हा आकडा तुम्हाला प्रत्येक जाहिरातीत भेटेल. तो वाचताना एवढं लक्षात ठेवा, की नुसत्या कर्क्युमिनची रक्तातली पातळी मोजण्याच्या मर्यादेजवळ होती. छेद इतका लहान असला की भागाकार मोठाच येतो.

२. मेद पचतो कसा, हे कागदावर काढा

पोटात जठरातलं लायपेज मेदाचा थोडा भाग तोडतं. खरं काम लहान आतड्यात. तिथे पित्तक्षार तेलाच्या थेंबावर चढतात, स्वादुपिंडाचं लायपेज को-लायपेजच्या मदतीने त्यावर बसतं आणि एका ट्रायग्लिसराइडचे दोन मेदाम्लं आणि एक मोनोग्लिसराइड असे तुकडे होतात. हे तुकडे, पित्तक्षार आणि लेसिथिन मिळून मिश्र मायसेल, म्हणजे पाण्यात तरंगणारे अतिसूक्ष्म गोळे, बनतात. कर्क्युमिन थेंबातून या मायसेलमध्ये गेलं, तर ते अस्तरापर्यंत पोचतं आणि तिथून रेणूरेणूने पेशीत शिरतं.

म्हणजे तुम्ही मेहनतीने बनवलेला नॅनो थेंब अख्खा रक्तात जात नाही. आतड्यातल्या पेयर्स पॅचेस या प्रतिकार-ऊतींमधल्या एम पेशींतून काही अख्खे कण आत जातात, पण तो वाटा लहान असतो. थेंब बारीक असण्याचा फायदा निराळा आहे: पृष्ठभाग वाढतो, लायपेजला जागा मिळते, पचन भराभर होतं. वाहकाने करायचं काम एवढंच, की स्वतः पचून संपेपर्यंत कर्क्युमिन विरघळलेलं ठेवायचं आणि मायसेलच्या हवाली करायचं. हे हस्तांतर फसलं तर थेंब ३० नॅनोमीटरचा असो की ३००, कर्क्युमिन स्फटिक होऊन खाली बसतं.

लसिकावाहिन्यांबद्दलही पुष्कळ सैल लिहिलं जातं. लांब साखळीची मेदाम्लं पेशीत पुन्हा ट्रायग्लिसराइड होऊन कायलोमायक्रॉन या मेदवाहू कणांत भरली जातात आणि लसिकेतून जातात. त्यामुळे यकृताचा पहिला फेरा चुकतो. पण या गाडीत बसायला रेणू फार मेदप्रिय लागतो: लॉग-पी (मेदप्रियतेचं माप) ५ च्या वर आणि ट्रायग्लिसराइडमध्ये ग्रॅमला ५० मिलिग्रॅमच्या वर विद्राव्यता, असा जुना ठोकताळा आहे. कर्क्युमिनचा लॉग-पी ३ च्या आसपास. तेव्हा 'आमचा वाहक लसिकामार्गाने यकृत टाळतो' हे वाक्य, प्रयोग केल्याशिवाय, प्रबंधात घालू नका. तो प्रयोग म्हणजे सायक्लोहेक्झिमाइडने कायलोमायक्रॉनचा प्रवाह रोखून उंदरांत पुन्हा मोजणी.

३. वाहक निवडा

नवख्याने एसएनईडीडीएसपासून, म्हणजे आपोआप नॅनोएमल्शन होणाऱ्या मिश्रणापासून सुरुवात करावी. त्याला हाय-प्रेशर होमोजिनायझर लागत नाही, मॅग्नेटिक स्टररवर भागतं. तेल, सर्फॅक्टंट (तेल आणि पाणी जुळवून आणणारा पदार्थ) आणि त्याला मदत करणारा को-सर्फॅक्टंट यांचं निर्जल मिश्रण. पाण्यात पडलं की हलक्या ढवळण्याने त्याचे बारीक थेंब होतात. बारीक थेंबांनी फरक पडतो याचा भक्कम पुरावा सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाचा आहे. त्याच्या सँडिम्यून या जुन्या रूपाचं शोषण पित्तावर आणि जेवणावर फार अवलंबून असायचं. १९९० च्या दशकात आलेल्या निओरलमध्ये औषध तेच, पण पाण्यात पडताच मायक्रोएमल्शन होणारी रचना, आणि ती चढउतार बरीच कमी झाली.

घन लिपिड नॅनोकण दिसायला छान, पण कॉम्प्रिटॉलसारखा लिपिड थंड होऊन ठेवणीत नीटनेटका स्फटिक होऊ लागला की आतल्या कर्क्युमिनला बाहेर ढकलतो. म्हणून त्यात थोडं द्रव तेल मिसळून एनएलसी, म्हणजे घन-द्रव मिश्र लिपिडचे कण, करतात. लिपोसोम, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या पोकळ पिशव्या, पित्तक्षारांपुढे फार टिकत नाहीत. इटलीच्या इंडेना कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेला फायटोसोम हा लेसिथिनमधल्या फॉस्फॅटिडिलकोलिनशी वनस्पती-रेणूची मोट बांधण्याचा प्रकार. तो वेगळा अभ्यासाचा विषय आहे.

४. विद्राव्यता चाचणी: इथे आळस नको

कच्चा माल म्हणून ९५ टक्के कर्क्युमिनॉइड असलेला अर्क घ्या. त्यात एकटं कर्क्युमिन साधारण तीन-चतुर्थांश. बाकी डिमेथॉक्सी आणि बिसडिमेथॉक्सी भाऊबंद. सांगलीच्या, वसमतच्या किंवा वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे म्हणून थेट पूड वापरायची हौस असेल, तर आधी तिच्यातलं कर्क्युमिन एचपीएलसीवर (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. स्टार्च आणि सुगंधी तेल चाचणीत लुडबुड करतात.

मिथेनॉलमध्ये १ ते ५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर असे द्राव करून ४२५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला कॅलिब्रेशनची रेघ काढा. मग प्रत्येक तेलात आणि सर्फॅक्टंटमध्ये जास्तीचं कर्क्युमिन टाकून, ३७ अंशाला, ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून, २४ ते ४८ तास शेकरवर ठेवा. सेंट्रिफ्यूज करा, वरचा द्राव मिथेनॉलने पातळ करून मोजा. फॉइल विसरलात तर उजेडात कर्क्युमिन झिजतं आणि विद्राव्यता उगाच कमी दिसते. सिरिंज फिल्टर वापरणार असाल तर तो स्वतः किती कर्क्युमिन धरून ठेवतो हे आधी पाहा: ठाऊक असलेला द्राव त्यातून गाळून आधी-नंतरची मोजणी करायची. पिवळा पडलेला फिल्टर हाच पुरावा.

तेलांत निदान एक मध्यम साखळीचं आणि एक लांब साखळीचं ठेवा: कॅपम्युल एमसीएम किंवा एमसीटी तेल, आणि सोयाबीन किंवा शेंगदाणा तेल. मध्यम साखळीचं लवकर आणि जवळजवळ पूर्ण पचतं. लांब साखळीचं हळू पचतं, पण त्याचे मायसेल ऐसपैस असतात. बीटा-कॅरोटीनसारख्या लांब रेणूला तेच मानवतात. कर्क्युमिनला कोणतं सोसेल ते सातव्या पायरीवर कळेल, आधी नाही.

बहुतेक वेळा असं दिसतं की कर्क्युमिन तेलापेक्षा ट्वीन ८०, क्रेमोफोर ईएल, लॅब्रासोल या सर्फॅक्टंटमध्ये किंवा ट्रान्सक्युटॉल या द्रावकामध्ये कितीतरी जास्त विरघळतं. मग मोह होतो: तेल कमी, सर्फॅक्टंट भरपूर. असं मिश्रण बाटलीत झकास दिसतं. पण पोटातल्या पाण्यात ट्रान्सक्युटॉलसारखा पाण्यात सहज मिसळणारा द्रावक निघून गेला, की त्याच्या जिवावर विरघळलेलं कर्क्युमिन उघडं पडतं.

५. मिश्रण ठरवा

तेल आणि सर्फॅक्टंट-मिश्रण १:९ ते ९:१ अशा प्रमाणांत घेऊन थेंबाथेंबाने पाणी घालायचं आणि जिथे द्राव स्वच्छ राहतो ते क्षेत्र त्रिकोणी आलेखावर रंगवायचं. कर्क्युमिन मात्र संपृक्ततेच्या ८० टक्क्यांच्या पलीकडे भरू नका. काठोकाठ भरलेलं मिश्रण फ्रिजमधून काढलं की तळाशी नारिंगी साका दिसतो.

तयार मिश्रणाचा १ मिलिलिटर, ३७ अंशाच्या २५० मिलिलिटर पाण्यात सोडून बघा. चांगलं असेल तर थेंब खाली जाण्याआधीच पसरतो, बीकर पिवळा पण पारदर्शक होतो आणि काळ्या कागदापुढे धरला तर कडेला निळसर झाक दिसते. तसाच झाकून रात्रभर ठेवा. सकाळी तळाला काचेवर बारीक केशरी कण चिकटलेले दिसले तर मिश्रण बाद. हेच ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात आणि पीएच ६.८ च्या बफरमध्येही करा. बफरमध्ये मात्र रात्रभर ठेवण्यात अर्थ नाही, तिथे कर्क्युमिन विघटनानेही कमी होतं.

६. आकार मोजा आणि पुढे चला

डीएलएसवर (प्रकाश कसा विखुरतो यावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) सरासरी आकार, पीडीआय (आकारातली विषमता) आणि झीटा विभव (थेंबांवरच्या विद्युतभाराचं माप). पीडीआय ०.३ च्या आत असला की पुरे. ट्वीन ८० सारख्या भाररहित सर्फॅक्टंटचे थेंब झीटा शून्याजवळ असूनही महिनोन्महिने टिकतात, तेव्हा 'वजा ३० हवंच' असा हट्ट धरणाऱ्याला हे सांगा. या पायरीला यापेक्षा जास्त वेळ देऊ नका.

७. पचवून बघा

इथे मात्र थांबायचं. माझ्या मते सूत्र गोठवायच्या आधीच ही चाचणी व्हायला हवी. तिच्यात नापास झालेला वाहक पुढे उंदरापर्यंत नेण्यात जीव आणि पैसा दोन्ही वाया जातात.

इन्फोजेस्ट ही बीकरमध्ये पचनाची नक्कल करण्याची २०१४ ची आंतरराष्ट्रीय पद्धत, २०१९ मध्ये सुधारलेली, सगळ्यांत सोयीची. जठराचा टप्पा पीएच ३, दोन तास, पेप्सिन मिलिलिटरला २००० एकक आणि जठर-लायपेज ६० एकक. आतड्याचा टप्पा पीएच ७, दोन तास, पित्तक्षार १० मिलिमोलर, लायपेज मिलिलिटरला २००० एकक. प्रत्येक टप्प्यावर कृत्रिम पाचकरस समप्रमाणात घालायचा. पॅनक्रिएटिनच्या (स्वादुपिंडाच्या एन्झाइमांच्या पुडीच्या) डबीवर लिहिलेल्या एककांवर विसंबू नका, लायपेजची क्रियाशीलता स्वतः मोजा. जुन्या डबीत ती बरीच उतरलेली असते.

आतड्याच्या टप्प्यात मेदाम्लं सुटू लागली की पीएच घसरतो आणि तो जागेवर ठेवायला सोडियम हायड्रॉक्साइड लागतं. किती लागलं यावरून मेद किती पचला ते निघतं. आता बीकरकडे नीट बघा. अल्कलीचा थेंब जिथे पडतो तिथे क्षणभर लाल ठिपका उमटतो आणि ढवळण्यात विरतो. हळदीत चुना घालून कुंकू होतं, त्यातलीच ही करामत. त्या ठिपक्यात पीएच क्षणभर फार वर गेलेला असतो आणि तिथलं कर्क्युमिन तुटत असतं. म्हणून अल्कली सौम्य घ्या, नळीचं टोक स्टररच्या भोवऱ्याजवळ ठेवा आणि घाईने ओतू नका. शेजारी एक बीकर एन्झाइमाविना चालवा. त्यात दोन तासांनी जेवढं कर्क्युमिन कमी झालं तेवढी निव्वळ रासायनिक झीज; ती पचनाच्या खात्यात टाकू नका.

वेळ संपली की ४-ब्रोमोफेनिलबोरॉनिक आम्लासारखा लायपेज-रोधक लगेच घाला, नाहीतर सेंट्रिफ्यूजमध्येही पचन चालू राहतं. सेंट्रिफ्यूजनंतर तीन थर दिसतात: वर न पचलेलं तेल असेल तर त्याची साय, मध्ये पिवळा मायसेलचा थर, खाली कॅल्शियम साबण आणि बसलेलं कर्क्युमिन. तिन्ही थर मोजा आणि बेरीज सुरुवातीच्या मात्रेशी ताडून बघा. मधल्या थरातलं कर्क्युमिन भागिले सुरुवातीचं, ही तुमची बायोॲक्सेसिबिलिटी, म्हणजे शोषणासाठी तयार असलेला वाटा. खालचा साका ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि चमचमते स्फटिक दिसले, तर वाहकाने ऐनवेळी हात सोडला असं समजा. उपाय तीन: तेलाचं प्रमाण वाढवा, कर्क्युमिनचा भार कमी करा, किंवा एचपीएमसीसारखा स्फटिक रोखणारा पॉलिमर घाला.

उपाशीपोटीचं चित्र वेगळं असतं, तेही तपासा. उपाशी आतड्याच्या नमुना-द्रावात पित्तक्षार ३ मिलिमोलर आणि पीएच ६.५, जेवलेल्या आतड्याच्या द्रावात १५ मिलिमोलर आणि पीएच ५ धरतात. जेवल्यावर कुठलाही वाहक शहाणा वाटतो. कस लागतो तो उपाशीपोटी.

८. अस्तरातून पार जातं का

कॅको-२ पेशींची (आतड्याच्या अस्तरासारख्या वागणाऱ्या मानवी पेशींची) सोय असेल तर उत्तम. ट्रान्सवेलवर (सच्छिद्र पडद्याच्या कपात) २१ दिवस वाढवायच्या, टीईईआर (पेशींच्या थराचा विद्युतरोध, त्यावरून थर किती घट्ट ते कळतं) मोजायचा, वरून पचलेला मायसेलचा थर घालायचा आणि खाली किती उतरलं ते पाहायचं. कच्चं, न पचवलेलं एसएनईडीडीएस थेट पेशींवर ओतलं तर सर्फॅक्टंटच पेशी फाडतो आणि पारगम्यता खोटीच वाढते. मायसेलचा थर घातला तरी पित्तक्षार आणि एन्झाइम पेशींना सोसत नाहीत, तेव्हा तो पातळ करून घ्या आणि प्रयोगाच्या आधी-नंतर टीईईआर तपासा. पेशी जिवंत आहेत का ते रंगावरून सांगणाऱ्या एमटीटी चाचणीत कर्क्युमिन स्वतःच रंग देतं आणि एमटीटीला थेट क्षपितही करतं. पेशी नसलेला ब्लँक ठेवाच.

पेशींची सोय नसलेल्या कॉलेजात बकऱ्याच्या आतड्याची उलटी पिशवी चालते. ही रीत १९५४ पासूनची आहे. खाटकाकडून ताजं आतडं बर्फगार, ऑक्सिजन दिलेल्या द्रावात आणायचं, काचेच्या कांडीवर हलक्या हाताने उलटायचं, जेजुनमचा (लहान आतड्याच्या मधल्या भागाचा) तुकडा बांधायचा. साध्या क्रेब्स-रिंगरमध्ये अस्तर तासाभरात गळून पडू लागतं. टीसी-१९९ माध्यमात दोनेक तास तग धरतं. शेवटी एक तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकून हिस्टॉलॉजीला पाठवा. विली (अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे) झडलेल्या असतील तर त्या दिवसाचे आकडे वहीतच राहू द्या.

एक गट कधीही वगळू नका: रिकामा वाहक अधिक साधं कर्क्युमिन. ट्वीन ८० आणि क्रेमोफोर हे पी-ग्लायकोप्रोटीन या बाहेर ढकलणाऱ्या पंपाला रोखतात. हा गट नसेल, तर फायदा विरघळण्याचा की पंप बंद पडण्याचा, हे सांगता येत नाही.

९. प्राणी आणि रक्त

संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची लेखी मंजुरी आधी. ही समिती सीसीएसईए या प्राणीप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीच्या, म्हणजे पूर्वीच्या सीपीसीएसईएच्या, नियमांखाली चालते. मोठ्या उंदरांना, म्हणजे रॅटना, पित्ताशय नसतं. पित्त सतत झिरपत राहतं. म्हणून रॅटमधला उपाशी-जेवलेला फरक माणसावर जसाच्या तसा लादू नका.

रक्त काढल्यावर प्लाझ्मा बर्फावर, अंधारात, थोडं आम्लधर्मी करून ठेवा. मग प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा. एक तसाच मोजा, दुसरा बीटा-ग्लुकुरोनिडेज आणि सल्फाटेज घालून. पहिल्यात मुक्त कर्क्युमिन, दुसऱ्यात मुक्त अधिक जोडलेलं. बाजारातले '३० पट', '५० पट' असे दावे वाचताना पहिला प्रश्न हाच विचारा: मोजलं काय? एन्झाइम घालून मोजलं असेल तर त्यातला मोठा हिस्सा शरीराने आधीच निकालात काढलेला माल असू शकतो. तुमच्या तक्त्यात दोन्ही स्तंभ असू द्या, मुक्त कर्क्युमिनचा स्तंभ लाजिरवाणा दिसला तरी.

१०. सुरक्षितता

शोषण वाढलं की डोसचं गणित बदलतं. कर्क्युमिनची स्वीकार्य दैनिक मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅमपर्यंत धरली जाते. २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेल्या यकृतदाहाच्या घटना नोंदल्या गेल्या. नंतर अमेरिकेतल्या अशाच रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हा जनुकप्रकार वारंवार दिसला आणि काही जणांच्या गोळ्यांत मिरीतलं पिपेरिनही होतं. फोडणीतल्या चिमूटभर हळदीशी याची गल्लत नको. प्रश्न शोषण वाढवलेल्या मोठ्या डोसचा आहे.

सर्फॅक्टंटचाही हिशेब ठेवा. पॉलिसॉर्बेट ८० (म्हणजेच ट्वीन ८०) साठी किलोमागे २५ मिलिग्रॅम ही दैनिक मर्यादा आहे, आणि २०१५ साली उंदरांवरच्या एका गाजलेल्या अभ्यासात त्याने आतड्यातले जिवाणू आणि श्लेष्माचा थर बिघडवल्याचं दिसलं. ६० किलोच्या माणसाला तुमच्या कॅप्सूलमधून रोज किती ट्वीन जाईल, तो आकडा सूत्राच्या तक्त्याखालीच लिहून टाका. माणसांवर चाचणी करायची वेळ आली, तर नीतिमत्ता समितीची परवानगी आणि सीटीआरआय या देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीवरची नोंदणी पहिला स्वयंसेवक घेण्याच्या आधी झालेली हवी. यकृताची स्थिती सांगणारं एसजीपीटी आणि बिलिरुबिन सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी तपासा, आणि रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना सरळ वगळा.